तुम्ही कुठल्या घरातले? क्लास, आईवडील आणि आपली ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत आयटीत असते आणि शनिवारी येरवड्यात एका अभ्यासिकेत बारावीच्या पुढच्या पोरापोरींची इंटरव्ह्यूची तयारी करून घेते. क्लास (शिकवणीचा नव्हे, समाजातला वर्ग) आणि घरची पार्श्वभूमी हा विषय दोन्हीकडे निघतो. ऑफिसात चहाच्या वेळी मोठ्याने निघतो, अभ्यासिकेत सगळे गेल्यावर मागे रेंगाळलेली एखादी मुलगी हळूच विचारते, ताई एक विचारू का. फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं.

क्लास म्हणजे शेवटी पगारच ना?

नाही. पगार त्यातला एक भाग. समजा दोन पोरं एकाच दिवशी एकाच कंपनीत ४० हजारांवर लागली. एकाचं कोथरूडला घरचं घर, वडिलांना पेन्शन, आई शिक्षिका होती, त्याचे ४० हजार त्याचे एकट्याचे. दुसरा पर्वतीच्या जनता वसाहतीत राहतो, त्याच्या पगारातून घरखर्च, बहिणीची फी, वडिलांच्या ऑपरेशनला मामाकडून उसने घेतलेले पैसे, असं सगळं जाऊन पंधरा तारखेला खिशात पेट्रोलपुरते राहतात. पेस्लिप सेम आहे पण पहिला सहा महिने नोकरी सोडून बसू शकतो आणि दुसरा सहा दिवस बसू शकत नाही. माक्स वेबर नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय की पैसा एक आणि मान-प्रतिष्ठा दुसरी, दोन्ही हातात हात घालून चालतीलच असं नाही. बक्कळ कमावणारा भंगारवाला आणि फाटक्या छत्रीचे निवृत्त मास्तर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाला आधी खुर्ची देतात ते बघा.

आम्ही मिडल क्लासच ना?

पुण्यात कुणालाही विचारा, सगळे हेच सांगतात. रिक्षावाले काका मिडल क्लास आणि बाणेरला तीन फ्लॅट असलेले साहेबपण मिडल क्लास. 'प्राइस' नावाची एक संशोधन संस्था २०२०-२१ च्या किमतीने वर्षाला ५ ते ३० लाख उत्पन्न असलेल्या घराला मध्यमवर्ग धरते आणि त्यांच्या हिशोबाने तेव्हा देशातले साधारण ३१ टक्के लोक त्यात बसत होते. उलट आपल्या रेशन कार्डाचा हिशोब बघा, वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, १ लाखापर्यंत केशरी, त्याच्यावर पांढरं. म्हणजे महिन्याला साडेआठ हजार आणणारं घर कागदावर थेट बंगलेवाल्यांच्या रंगात जातं. चार घरची धुणीभांडी करून तेवढे पैसे आणणारी बाई प्राइसच्या मध्यमवर्गापासून कितीतरी लांब आणि रेशनवाल्यांच्या हिशोबाने सगळ्यात वरच्या गटात! त्यामुळे नुसत्या आकड्याने स्वतःला बसवायला गेलात तर गोंधळच होणार, मी तरी पोरांना आकडा विचारत नाही. मी विचारते, उद्या पगार थांबला तर कुणाला फोन करशील.

घरची पार्श्वभूमी म्हणजे नक्की काय काय?

माझंच सांगते. वडील १९७९ ला बीड जिल्ह्यातून आयटीआय करून आले, भोसरीत एका कंपनीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचा कामगार, म्हणून लागले, परमनंट व्हायला सात वर्षं गेली. निगडीला दोन खोल्या. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, कंपनीची बस, पतपेढीचं कर्ज, दिवाळीचा बोनस, आमचं वर्षाचं सगळं कॅलेंडर त्यावर चालायचं. मला दहावीला ८६ टक्के पडले आणि पेढे वाटून झाल्यावर लक्षात आलं की पुढे काय करायचं हे घरात कुणालाच माहिती नाही. शेजारचे काका म्हणाले डिप्लोमाला टाका, लवकर नोकरी लागेल, म्हणून डिप्लोमा. त्याच वर्षी माझ्या आत्ताच्या टीममधला एकजण दहावी झाला, त्याला माझ्याहून कमी मार्क होते, पण त्याच्या मावशीने सुट्टीतच बसवून सांगितलं की अकरावी कुठे, क्लास कुठला, बारावीनंतर कुठली एंट्रन्स आणि परदेशात जायचं असेल तर आत्तापासून काय. त्याला हे शिकवलं गेलंय असं त्याला कधी वाटलंच नाही, त्याच्यासाठी ती मावशीकडची सुट्टी होती.

पिअर बुर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला (१९३० ते २००२), दक्षिण फ्रान्सच्या खेड्यातला, वडील टपाल खात्यात. त्याने यालाच सांस्कृतिक भांडवल म्हटलं. घरातून मुलाला पैसा मिळतो, ओळखी मिळतात आणि तिसरी ही न दिसणारी गोष्ट मिळते, म्हणजे काय बोलावं, कसं बसावं, कुणाला काय विचारावं, कुठल्या दारातून आत जावं. पैशाचं भांडवल बँकेत दिसतं. हे दिसत नाही, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याला ते स्वतःची हुशारी वाटते आणि ज्याच्याकडे नाही त्याला स्वतःचा मठ्ठपणा. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

माझे आजोबा वार लावून जेवले, माधुकरी मागून शिकले. मग मी पण गरीब घरातलाच ना?

हा प्रश्न मला ऑफिसात सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा जीव त्या गोष्टीत खराच असतो म्हणून नीट उत्तर देते.

आजोबा गरीब होते. तुम्ही नव्हता. आजोबा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवले, दिव्याखाली शिकले, नोकरीला लागले. मग तुमचे वडील सरकारी इंजिनियर झाले आणि तुम्ही जन्मलात तेव्हा घरात फ्रीज होता, पुस्तकांचं कपाट होतं आणि उन्हाळ्यात पोहण्याचा क्लास होता. तुमच्या हातात जे आलं ते वडिलांच्या घरातून आलं. एखाद्या घराला वाराऐवजी पानशेतची गोष्ट असते, १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि सगळं वाहून गेलं, अंगावरच्या कपड्यांनिशी शाळेत जाऊन राहिलो. तीही गोष्ट खरी आणि तो धक्का मोठा होता, पण तो सोसला ६१ साली मोठं असलेल्यांनी.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनमध्ये सॅम फ्रीडमन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १७५ नोकरदारांच्या मुलाखती घेतल्या, अकाउंटंट, आर्किटेक्ट, टीव्हीतले लोक, नट. २०२१ मध्ये तो अभ्यास आला. त्यातले ३६ जण असे निघाले की आईवडील चांगल्या पगारावर, शिक्षण नीट, तरी विचारलं की सांगणार आम्ही मुळात कष्टकरी घरातले. कसे काय? तर आजोबा खाणीत होते, पणजी कुणाच्या तरी घरी कामाला होती. स्वतःचं बालपण थोडक्यात उरकायचं आणि गोष्ट दोन पिढ्या मागून सुरू करायची. अभ्यास करणारे म्हणतात की यात खोटारडेपणा नसतो, घराण्याची चढण खरीच असते, पण त्या गोष्टीमुळे माणसाला स्वतःला मिळालेली मदत दिसेनाशी होते आणि आपण जे आहोत ते फक्त स्वतःच्या जोरावर असं वाटायला लागतं.

आणि पुण्यात यात अजून एक पदर आहे जो ब्रिटनमध्ये नाही. वार लावायला सात घरांची दारं उघडावी लागतात. ती आजोबांसाठी उघडली कारण ते त्या घरांच्याच जातीतले होते, स्वयंपाकघराजवळ पानावर बसवता येईल असे होते. याच शहरात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना शेणगोळे खावे लागले. उपाशी दोन्ही पोरं असतील, पण एकाला ताट वाढणारं घर होतं आणि दुसऱ्याला ओसरीवरही येऊ देत नव्हते. आजोबांचे कष्ट यामुळे कमी होत नाहीत, मला फक्त एवढंच वाटतं की गोष्ट सांगताना त्या सात घरांबद्दलपण सांगावं.

म्हणजे आजोबांचं सांगायचंच नाही का?

सांगा की. नातवंडांना तर जरूर सांगा. फक्त कुणी पोरगी 'आमच्या घरात मीच पहिली कॉलेजात गेले' असं सांगत असेल तेव्हा मध्येच 'आमचंपण असंच होतं, आजोबा...' असं सुरू करू नका. तिचं आज चालू आहे.

क्लास म्हणजे जातच ना वेगळ्या नावाने?

एक नाही, पण आपल्याकडे वेगळे करूनही सुटत नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहिलंय की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. माझ्या वडिलांच्या शॉपफ्लोअरवर सगळे एकाच पगाराच्या ग्रेडला होते, युनियन एक, कँटीन एक, पण डबे कुणी कुणाबरोबर उघडायचे हे ठरलेलं होतं. पैसा वाढला की क्लास बदलतो, निदान थोडा, आडनाव मात्र बदलत नाही, आणि पुण्यात घर भाड्याने बघायला गेलं की आडनाव दुसऱ्या मिनिटाला विचारतात. पहिल्या मिनिटाला 'मूळचे कुठले' विचारतात.

पगार चांगला झाला, तरी ऑफिसात परकं का वाटतं?

कारण तिथले न लिहिलेले नियम बाकीच्यांना घरूनच माहिती असतात. मी पहिल्या नोकरीत लागले तेव्हा टीम लंचला कुणीतरी विचारलं, तुझे बाबा काय करतात. मी म्हणाले 'मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहेत'. टर्नर आहेत असं म्हणता आलं नाही. ज्या माणसाने माझ्या फीसाठी पाच वर्षं ओव्हरटाइम केला त्याचं काम मी एका लंचसाठी लपवलं, आणि ते मला आजही टोचतं. नंतर हळूहळू सांगायला लागले आणि कुणालाही काहीही वाटलं नाही, पण ते आधी कळायला मार्ग नव्हता.

बुर्द्यू स्वतःबद्दल म्हणायचा की त्याचा स्वभावच दुभंगलेला आहे, खेड्यातलं घर एकीकडे ओढतं आणि पॅरिसची विद्वान मंडळी दुसरीकडे. तेव्हा हे तुमच्यात काही कमी आहे म्हणून होत नाही, दोन घरांतून आलेल्या सगळ्यांचंच होतं. यात पैशाचंपण नुकसान आहे. ब्रिटनमध्ये हिशोब काढला तेव्हा वरच्या दर्जाच्या नोकऱ्यांत कामगारांच्या घरातून आलेले लोक सुखवस्तू घरांतून आलेल्यांपेक्षा साधारण १६ टक्के कमी कमावत होते. कारणं काय? पगार वाढवून मागायला कचरणं, वरच्या साहेबाशी 'आमची वेव्हलेंग्थ जुळते' हे न होणं, आणि मागे आधार नसल्यामुळे धोका न पत्करता येणं. इथेही बघा, बिनपगारी इंटर्नशिप करायला किंवा दोन वर्षं नाटक-सिनेमात घालवायला कुणाला परवडतं, ज्याच्या वडिलांचा पुण्यात फ्लॅट आहे त्याला.

आणि जुन्या वस्तीत गेलं की तिथेपण परकं वाटतं, त्याचं काय?

वाटतं. मैत्रिणी म्हणतात तू बदललीस, आणि त्यांचं चुकत नाही. मी तिथे कमी बोलते, जास्त ऐकते, आणि महत्त्वाचं म्हणजे जाणं थांबवत नाही.

पानी म्हणायचं की पाणी?

घरी जे म्हणता ते म्हणा. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत मी 'पानी' म्हणाले तर बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि शेजारच्या सरांना म्हणाले, उत्तर बरोबर आहे हो, पण ऐकवत नाही. मार्क पूर्ण दिले. मी मात्र त्यानंतर वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. पुण्यात 'शुद्ध' मराठी म्हणून जी चालते ती काही पेठांतल्या काही घरांची बोली आहे, तिचा मान मोठा झाला कारण शाळा, छापखाने आणि वर्तमानपत्रं त्याच घरांच्या हातात होती. बीडची आईची भाषा अशुद्ध नाही. आता कामाचं सांगते, इंटरव्ह्यूला प्रमाण बोली येत असेल तर फायदा होतो, म्हणून मी पोरांना ती शिकवते, पण 'सुधार' हा शब्द वापरत नाही. अजून एक भाषा शिकतोय असं सांगते. शिकून घरी गेल्यावर आईला 'पाणी म्हण गं' म्हणून टोकायचं नाही, ही माझ्या वर्गातली एकमेव सक्त सूचना.

ताई, माझी आई कचरा वेचते. कॉलेजात विचारलं तर काय सांगू?

तुला वाटेल ते आणि वाटेल तेवढंच. तुझी गोष्ट तुझी आहे, ती ऐकून दुसऱ्याला भरून यावं म्हणून सांगायची नाही आणि न सांगितल्याचा अपराधही धरायचा नाही. सांगावंसं वाटलं तर खाली मान घालून सांगू नकोस. या शहरात १९९३ ला कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत नावाची स्वतःची संघटना उभी केली, त्यात बहुतेक बायाच होत्या. ओळखपत्रं मिळवली आणि आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत हे महानगरपालिकेकडून मान्य करून घेतलं. पुढे त्यातूनच घरोघरी जाऊन कचरा उचलणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. तुझ्या आईला ओला, सुका, कुठलं प्लास्टिक विकलं जातं, कुठलं नाही, हे सगळं हाताला कळतं. कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना ते पुस्तकातून शिकावं लागतं.

रेझ्युमेवर पत्ता बदलून टाकू का?

पोरं असं करतात हे मला माहितीये, ताडीवाला रोड किंवा कासेवाडी असं लिहायच्याऐवजी मामाचा धनकवडीचा पत्ता टाकतात. मी ओरडत नाही. पण पूर्ण पत्त्याची गरजच नसते, नुसतं 'पुणे' आणि पिनकोड पुरतं.

जमीन विकून पैसे आलेल्यांचा क्लास कुठला?

हिंजवडी, वाकड, बालेवाडी इकडे एका पिढीत शेतीचे गुंठे झाले आणि गुंठ्यांचे कोटी. त्यांना 'गुंठामंत्री' म्हणून हिणवतात. मला हा शब्द आवडत नाही. त्याच्यात छुपा राग असा असतो की यांच्याकडे पैसा आला पण आमच्यासारखं वागणं आलं नाही, म्हणजे परत तेच सांस्कृतिक भांडवल. ज्यांच्या जमिनीवर आपली ऑफिसं उभी आहेत त्यांच्या गळ्यातल्या साखळीवरून त्यांची लायकी काढणारे आपण कोण? आणि सगळे एकसारखे वागलेत असंही नाही. हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी मिळून साधारण ४०० एकर जमीन एकत्र केली, विकून टाकण्याऐवजी स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या हिश्श्याप्रमाणे मालकी ठेवली आणि तिथे अख्खं शहर वसवलं.

सरकार यात घर बघतं का आपल्याला बघतं?

बहुतेक वेळा घर. ओबीसीचं नॉन क्रिमी लेयर, म्हणजे आपण सधन वरच्या थरातले नाही असा आरक्षणासाठीचा दाखला, काढायला जा, मुलाचा स्वतःचा पगार बघत नाहीत, आईवडील काय आहेत ते बघतात. सुप्रीम कोर्टाच्या १९९२ च्या मंडल निकालातून हे आलं. दोघांपैकी एकजण थेट ग्रुप ए अधिकारी म्हणून लागलेला असेल तर घरात पैसे किती हा प्रश्नच नाही, मूल क्रिमी लेयरमध्ये. बाकी बहुतेकांना ८ लाखांची मर्यादा, २०१७ पासून तीच आहे, आणि त्यात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. उलट केंद्राच्या २०१९ च्या ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाला, पण ८ लाखच, पण तिथे शेतीसकट सगळं धरतात, वर पाच एकर शेती किंवा हजार स्क्वेअर फुटांचा फ्लॅट असेल तर बाद. हे तपशील लोक गुंडाळून एकच समजतात आणि मग फॉर्म चुकतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. थोडक्यात कायद्यालाही हे मान्य आहे की साहेबाच्या घरात वाढणं ही स्वतःच एक मिळकत आहे.

मेहनत केली की कुणीही वर येतं ना? तुम्ही आलातच की.

आले. पण माझ्या बॅचच्या, माझ्याच गल्लीतल्या, माझ्याहून हुशार दोन मुली नाही आल्या. एकीच्या वडिलांना कंपनीने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) दिली आणि तिचं बारावीत लग्न झालं. दुसरीला भाऊ होता आणि पैसे एकाच्या फीपुरते होते. माझे वडील परमनंट होते, पीएफ होता, पतपेढी होती, आणि मला भाऊ नाही. मेहनत तिघींनी केली. ओईसीडी नावाच्या देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, तळाच्या घरातल्या पोराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये दोन पिढ्या लागतात आणि भारतात सात. सात पिढ्या! त्यामुळे कुणी मला उदाहरण म्हणून पोरांसमोर उभं केलं की मी त्या दोघींचंपण सांगते.

मग तुमच्या मुलाचा क्लास कुठला?

हे मला अभ्यासिकेतल्या एका मुलाने विचारलं आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, वाकडला सोसायटीत राहतो, क्लबहाउसच्या टेबलावर टेबल टेनिस शिकतो. मागच्या महिन्यात शाळेत घरच्यांबद्दल लिहायचं होतं, तर पठ्ठ्याने लिहून आणलं, 'आम्ही कामगारांच्या घरातले आहोत आणि खूप स्ट्रगल करून वर आलो.' माझ्याच तोंडची वाक्यं. मी इतक्या वेळा त्याच्यासमोर बोललेय की त्याला ती स्वतःची वाटायला लागली.

रविवारी त्याला निगडीला घेऊन गेले. वडिलांनी कपाटातून जुना व्हर्नियर काढला, अजून तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलाय, आणि त्याच्या पेन्सिलीची जाडी मोजून दाखवली. मग त्याने विचारलं, आजोबा मी कामगार आहे का. वडील म्हणाले, कामगार मी. कामगाराची पोरगी ही. तू हिचा पोरगा.

घरी येऊन त्याने ते पान खोडलं आणि नवीन लिहिलं. माझे आजोबा टर्नर होते. माझे आई-बाबा कॉम्प्युटरवर काम करतात. आमच्याकडे दोन गाड्या आहेत आणि मला माझी वेगळी खोली आहे. मी एकही शब्द बदलला नाही, सही केली आणि दप्तरात ठेवलं.